पालाशविधी

दर्यावर गेलेला माणूस परत आला नाही आणि लाटांनी त्याचं प्रेतही परत दिलं नाही, तर घरच्यांपुढे प्रश्न उभा राहतो: अग्नी द्यायचा कशाला? आपल्याकडे त्यावर तोड काढून ठेवलेली आहे. पळसाची पानं, देठ आणि दर्भ घेऊन माणसाच्या आकाराचा पुतळा बांधतात, त्याला तो माणूसच मानतात आणि चितेवर ठेवतात. याला पालाशविधी म्हणतात. ज्यांनी हा विधी घालून दिला त्यांना परलोकाचं किती कळत होतं कोण जाणे, पण मागे राहिलेल्यांची घालमेल त्यांना पुरती कळत होती. डोळ्यांदेखत काहीतरी जळाल्याशिवाय माणूस गेला हे मन मानत नाही. सुतक धरायलासुद्धा तिथी लागते.

हे सगळं मनात आलं ते एका मुशीपायी.

व्हेल शार्क. जगातला सर्वांत मोठा मासा. नावात व्हेल असली तरी व्हेलशी तिचं काही नातं नाही. ही मुशीच, कल्ल्यांनी श्वास घेणारी, हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा घेऊन हिंडणारी. (आपली वर्तमानपत्रं तिला बेधडक देवमासा करून टाकतात. त्यांना कोण सांगणार!) पूर्ण वाढलेली मुशी एसटीच्या गाडीपेक्षा लांब भरते, अठरा मीटरपर्यंतच्या नोंदी आहेत. आणि एवढा देह घेऊन ती खाते काय, तर डोळ्यांना जेमतेम दिसेल असं प्लवंग, माशांची अंडी, कोळंबीची पिल्लं, बारीकसारीक मासळी.

ही मुशी मेली की बुडते. पुष्कळशा माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, म्हणून ते मेल्यावर पोट वर करून तरंगतात. मुशीच्या कुळाला ती पिशवी दिलेलीच नाही. तिला उचलून धरतं ते यकृतातलं तेल आणि तिचं स्वतःचं अखंड पोहणं. पोहणं थांबलं की पाणी तिला सांभाळत नाही. ती खाली जाते. आधी निळ्यातून, मग काळ्यातून, मग जिथे रंगाला अर्थ उरत नाही तिथून. किनाऱ्याला लागतात त्या मोजक्याच. बाकीच्यांचं मरण कुणाच्या वहीत चढत नाही.

२०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अठरा देशांतले साठाहून अधिक संशोधक त्यात होते, आणि साडेतीनशेच्या आसपास व्हेल शार्कच्या पाठीवर लावलेल्या टॅगांची माहिती होती. त्यांनी साधंच काम केलं. मुशी कुठे कुठे फिरतात तो नकाशा आणि मोठी जहाजं कुठून जातात तो नकाशा एकमेकांवर ठेवून पाहिला. पृष्ठभागावर मुशींचा जेवढा वावर, त्याच्या नव्वद टक्क्यांहून अधिक भागावर जहाजांच्या वाटा पडलेल्या निघाल्या. त्यात या मुशीचा जवळजवळ अर्धा वेळ वरच्या वीसेक मीटर पाण्यात जातो, म्हणजे बरोबर तिथे, जिथे जहाजाचा तळ आणि पंखा असतो. टॅगांचे संदेश जिथे बंद पडले त्या जागाही गजबजलेल्या मार्गांवरच जास्त सापडल्या. टॅग बंद पडायला शंभर कारणं असतात, बॅटरी संपते, पट्टी तुटते. पण काही टॅगनी खोलीही नोंदवून ठेवली होती. मुशी जहाजमार्गात शिरते, आणि मग संथपणे, कुठेही न थांबता, तळापर्यंत खाली जात राहते. शेकडो मीटर. जिवंत मुशी खोल जाते तेव्हा अशी जात नाही. ती बुडी मारते, फिरते, वर येते. दोन हजार मीटरच्या जवळपास जाऊन परत आलेल्या मुशींच्या नोंदी आहेत. ही रेषा वर आलीच नाही.

आणि जहाजावर? वर कप्तानाच्या कपातला चहाही हिंदकळत नाही.

मी या आलेखापाशी बराच वेळ अडकलो. खाली उतरणारी एक रेष. ना रक्त, ना किनारा, ना गर्दी. आपण शोक करायला शिकलो ते प्रेताभोवती बसून. इथे बसायचं कशाभोवती?

*

खरं म्हणजे या मुशीशी आपली ओळखच प्रेतांनी करून दिली आहे.

१८२८ च्या एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळच्या टेबल बे या उपसागरात कोळ्यांना एक अनोळखी मासा दिसला. करड्या पाठीवर पांढरे ठिपके. असलं काही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून त्यांनी भाला फेकून तो मारला. मासा होता साडेचार मीटरचा, म्हणजे या जातीत पोरसवदाच. तिथल्या ब्रिटिश फौजेबरोबर अँड्र्यू स्मिथ नावाचा डॉक्टर होता, प्राण्यांचा नादी. त्याने देह तपासला, वर्णन लिहिलं, नाव दिलं. कातडं पुढे पॅरिसच्या संग्रहालयात गेलं. विज्ञानाच्या लेखी व्हेल शार्कचा जन्म झाला तो असा, मरणाच्या दिवशी.

त्यानंतर दीडशे वर्षं विद्वानांच्या नोंदी तुरळकच राहिल्या. एखादी किनाऱ्याला लागलेली, एखादी बोटीच्या नाळेवर आडवी अडकलेली. त्याच काळात सौराष्ट्रातल्या खारव्यांना आणि कोळ्यांना ती वर्षानुवर्षं दिसत होती. तिच्या यकृताचं तेल ते लाकडी होड्यांना चोपडत, म्हणजे लाकूड पाण्याला दाद देत नाही. ते कुणी निबंधात लिहिलं नाही, कारण निबंध लिहिणारे वेगळे आणि होडी रंगवणारे वेगळे.

१९९५ साली तैवानच्या समुद्रात साडेदहा मीटरची एक मादी मारली गेली. पोट उघडलं तर आत तीनशेहून अधिक पिल्लं. काही अजून अंड्याच्या वेष्टणात, काही त्यातून सुटलेली, काही जन्माला यायला अगदी तयार. त्या दिवसापर्यंत ही मुशी अंडी घालते की पिल्लं, हेही नक्की माहीत नव्हतं. पुढे त्यातल्या एकोणतीस पिल्लांची जनुकं तपासली, ती सगळी एकाच बापाची निघाली. म्हणजे एकदाच झालेल्या भेटीचं बीज मादी सांभाळून ठेवते आणि वेळ येईल तसं वापरते, असा अंदाज बांधता आला. विज्ञानाने नीट तपासलेली गाभण व्हेल शार्क आजवर ही एवढीच. जी काही माहिती सगळ्या पुस्तकांत फिरते ती एका बाळंतपणाची, तेही न झालेल्या.

जिवंत मुशी पिल्लं कुठे टाकते ते अजून कुणी पाहिलेलं नाही. २००९ च्या मार्चमध्ये फिलिपिन्समधल्या पिलार गावात किनाऱ्याजवळ शेपटीला दोरी बांधून खुंटाला अडकवलेलं एक पिल्लू सापडलं. लांबी अडतीस सेंटिमीटर. कुणीतरी पकडून विकायला ठेवलेलं असणार. संवर्धनवाल्यांनी ते सोडवलं, मोजलं, आणि खोल पाण्यात नेऊन सोडलं. शाळेतल्या पट्टीपेक्षा थोडा मोठा जीव, पाठीवर सगळे ठिपके तेव्हाच उमटलेले.

*

आता जिवंतपणीचं सांगायला हवं. मेलेल्याविषयी बोलताना तो कसा जगला हे सांगावंच लागतं.

आधी डोळा. रुंद, सपाट डोक्याच्या दोन टोकांना दोन लहानसे डोळे, चेहऱ्याच्या मानाने फारच लहान. त्यांना पापणी नाही. पण २०२० साली जपानी संशोधकांनी दाखवलं की बुबुळाभोवतीच्या भागावर अतिसूक्ष्म दात असतात, हजारोंनी. मुशीच्या कातडीवर असतात तसलेच, खरखरीत, फक्त डोळ्यावर. आणि काही जवळ आलंच तर ती अख्खा डोळा खोबणीत मागे ओढून घेते, आणि तिथे पांढुरका खळगा दिसतो. धोका टळला की डोळा पुन्हा बाहेर. ज्या प्राण्याची कातडी अर्ध्या वितीएवढी जाड असू शकते, त्याने एवढंसं नाजूक राखलं ते डोळ्यापुरतं, आणि त्यालाही चिलखत घातलं.

मग तोंड. इतर मुशींसारखं खालच्या अंगाला नव्हे, अगदी समोर, दीड मीटरपर्यंत रुंद उघडणारं. त्यात दात आहेत, हजारोंनी आहेत, आगपेटीच्या काडीच्या गुलाएवढे. खाण्यात त्यांचा उपयोग नाही. पाणी आत येतं, कल्ल्यांपाशी असलेल्या मऊ गाळणींतून जातं आणि बाजूच्या फटींतून बाहेर पडतं, अन्न मागे राहतं. मोजणाऱ्यांनी मोजलंय, तासाला सहा लाख लिटरच्या घरात पाणी तिच्या तोंडातून जातं. गाळणी तुंबली की ती खोकते. खरंच खोकते. एवढ्या मोठ्या जनावराचा खोकला, एक ढग बाहेर पडतो आणि काम पुन्हा सुरू. कधी कधी ती शेपटी खाली सोडून पाण्यात सरळ उभी राहते, तोंड पृष्ठभागाला लावून, आणि उभ्यानेच गिळते. चाल माणसाच्या चालीएवढी, तासाला पाचेक किलोमीटर. जहाज चुकवायला ती पुरत नाही.

आणि पाठ. गडद करड्या-निळ्या पाठीवर उभ्या-आडव्या फिकट रेषा आणि त्या चौकटींत पांढरे ठिपके. दोन मुशींचे ठिपके सारखे नसतात. खगोलशास्त्रज्ञांनी आकाशाच्या दोन छायाचित्रांतले तेच तारे जुळवण्यासाठी एक गणिती रीत बसवली होती. २००५ साली एक संगणकतज्ज्ञ, एक खगोलशास्त्रज्ञ आणि एक मुशींचा अभ्यासक एकत्र आले आणि त्यांनी तीच रीत या ठिपक्यांना लावली. तेव्हापासून कुणीही पाणबुड्याने कल्ल्यांमागच्या डाव्या अंगाचा फोटो काढून पाठवला की यंत्र सांगतं, ही अमुक, पूर्वी तमुक ठिकाणी दिसली होती. अशा हजारो मुशींची नोंद झाली आहे. मला यात गंमत वाटते ती ही, की प्रेताशिवाय झालेली ही पहिली ओळख. कातडं सोलावं लागलं नाही.

*

वेरावळचं लिहायचं टाळता आलं असतं तर बरं झालं असतं.

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वेरावळ, मांगरोळ, सुत्रापाडा या पट्ट्यात, उन्हाळ्याच्या तोंडाशी या मुशी मोठ्या संख्येने येतात. तेलासाठी अधूनमधून होणारी शिकार नव्वदच्या दशकात धंदा झाली. तैवानमध्ये तिच्या पांढऱ्या, मऊ मांसाला भाव होता, टोफूसारखं म्हणून. बर्फात घालून ते तिकडे जाऊ लागलं, आणि पर पूर्वेकडच्या सूपच्या बाजाराला. मारण्याची पद्धत अशी: मोठा लोखंडी आकडा, त्याला दोर, दोराला रिकामी पिंपं. मुशी वर येऊन चरत असायची, जवळ जाणाऱ्या होडीची तिला भीतीच नसते. आकडा रुतला की ती खाली जायची, पिंप तिला वर ओढायचं. पुन्हा खाली, पुन्हा वर. ज्या प्राण्याला बुडण्यावाचून दुसरा बचाव नाही, त्याला बुडूच द्यायचं नाही, एवढीच त्या पिंपाची करामत. तास-दोन तासांनी ती दमली की होडीला बांधून किनाऱ्याकडे ओढत आणायची. पुष्कळदा ती तेव्हाही जिवंत असे. एवढं धूड किनाऱ्यावर उचलून घेता येत नसे म्हणून उथळ पाण्यातच कापत. तिथल्या लोकांनी मुशीलाच ‘बॅरल’ म्हणायला सुरुवात केली होती.

मी त्या माणसांना कसाई म्हणणार नाही. ते मासे मारतात, हा मासा होता, त्याला गिऱ्हाईक होतं. कायद्याची हरकत नव्हती. तैवानच्या जेवणाच्या टेबलावर बसलेल्यालाही सुत्रापाड्याचं नाव माहीत नव्हतं. सगळ्यांनी आपापलं काम केलं आणि शेकडो मुशी संपल्या.

माइक पांडे यांनी हे सगळं कॅमेऱ्यात धरलं. ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा त्यांचा माहितीपट २००० साली आला. तो पाहिलेल्या माणसाला ते लाल झालेलं पाणी विसरता येत नाही. चित्रपटाने कायदे बदलतात यावर माझा फारसा विश्वास नाही, पण या एका बाबतीत तो ठेवावा लागतो. २८ मे २००१ रोजी व्हेल शार्क वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आली. वाघाच्या पंगतीला. हा मान मिळालेला हा देशातला पहिला मासा. पुढच्याच वर्षी भारत आणि फिलिपिन्स यांच्या आग्रहामुळे तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही नियंत्रण आलं. खुद्द तैवानने २००८ मध्ये तिची मासेमारी बंद केली.

कायदा झाला, पण तो होडीपर्यंत पोचवायचा कुणी? वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरातचं वनखातं आणि टाटा केमिकल्स यांनी २००४ मध्ये मोहीम सुरू केली आणि गेले कुणाकडे, तर मोरारी बापूंकडे. रामकथा सांगणारा माणूस, त्याच किनाऱ्याच्या मातीतला. बापूंनी लोकांना सांगितलं, ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, तिला माराल? बस्स. ‘बॅरल’ची ‘व्हाली’ झाली, लाडकी. गावोगाव पथनाट्यं झाली, त्यात कोळ्याची गरोदर मुलगी माहेरी यायची. आणि खऱ्या मापाची, हवा भरून फुगवलेली एक व्हेल शार्क गावागावांतून फिरवली गेली. पोरं तिच्याभोवती नाचायची, बायका हात लावून बघायच्या. ज्यांनी ती कापलेली पाहिली होती त्यांच्यापुढून तिचा अख्खा पुतळा मिरवत नेला. मला तर हा पालाशविधीच वाटतो, फक्त इथे पुतळा जाळला नाही.

त्या वर्षापासून गुजरातेत जाळ्यात सापडलेल्या आठशेहून अधिक मुशी कोळ्यांनी स्वतःची जाळी कापून सोडल्या आहेत. कार्तिक अमावस्येला तिथे व्हेल शार्क दिवस पाळतात. जे लोक पूर्वी आकडा घेऊन धावत, तेच आता चाकू घेऊन धावतात.

तरीही एक खडा टोचत राहतो. सौराष्ट्राच्या समुद्रात या मुशीला बाळंत होताना कुणी पाहिलेलं नाही, माहेराचा दाखला कुणी दिलेला नाही. ते चालेल, श्रद्धेच्या कामात पुरावा मागू नये. पण जीव वाचवायचा तर त्याला आधी लेक व्हावं लागतं, आणि नुसती लेक पुरत नाही, पोटुशी लेक व्हावं लागतं, हे काही मला गोड लागत नाही. जाळ्यात सापडणाऱ्या मुशींत नरही असतात. त्यांना कुणी जावई मानून जाळं कापलं असतं का? कापलं नसतं. म्हणून बापूंचं बरोबर, आणि माझी कुरकुर माझ्यापाशी.

दुसरीकडे फिलिपिन्समधलं ओस्लॉब. तिथे २०११ पासून रोज सकाळी या मुशींना कोळंबी चारून पर्यटकांपुढे आणतात. गावात पैसा आला, शिकारीची गरज राहिली नाही, हेही खरं. पण होडीच्या खाली तोंड उघडून कोळंबीची वाट पाहणारी मुशी बघितली की वेरावळच्या पिंपांची आठवण येते.

*

पाकिस्तानच्या किनाऱ्याला लागलेल्या एका मुशीचे मणके जपून ठेवले होते. तिच्या मणक्यांत वर्तुळं असतात, झाडाच्या खोडात असतात तशी. एक वर्तुळ म्हणजे सहा महिने की वर्ष, यावर अभ्यासकांचा वाद. तो सुटला अणुबाँबमुळे. १९५० आणि ६० च्या दशकांत बड्या राष्ट्रांनी चाचण्यांवर चाचण्या केल्या, त्यातून हवेत जादा किरणोत्सारी कार्बन पसरला, हवेतून समुद्रात उतरला, समुद्रातून प्रत्येक जिवाच्या अंगात. कोणत्या वर्षी किती, याचा हिशेब लागलेला आहे. मणक्याच्या वर्तुळातला कार्बन त्या हिशेबाशी ताडून २०२० मध्ये उत्तर आलं: एक वर्तुळ म्हणजे एक वर्ष. आणि पाकिस्तानातल्या त्या दहा मीटरच्या मुशीचं वय निघालं सुमारे पन्नास.

पन्नास वर्षं. अरबी समुद्राच्या मुशीला हद्द कळत नाही. ती कराचीला लागली म्हणजे सौराष्ट्राबाहेरून कितीदा गेली असेल, आपल्या कोकणपट्टीसमोरून कितीदा, कोण सांगणार! वेरावळची ती सगळी वर्षं ती कुठेतरी या पाण्यात होती, आणि आकडा तिला लागला नाही. या जातीला वयात यायलाच पंचवीस-तीस वर्षं लागतात. म्हणजे नव्वदच्या दशकात कापलेल्या मुशींनी जी पिल्लं टाकली असती, ती आत्ता कुठे आया झाली असती. वेरावळला मारल्या त्या शेकड्यांनी, पण वजा झाल्या त्या किती, हा आकडा कुठल्याच अहवालात मांडता येत नाही. गेल्या तीन पिढ्यांत जगातल्या व्हेल शार्क निम्म्याहून कमी झाल्या, असं आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने २०१६ मध्ये म्हटलं आणि तिला धोक्यातल्या जातींत टाकलं. तिच्या तीन पिढ्या म्हणजे पाऊणशे वर्षं. आपली एक हयात.

माझ्या मनात त्या कराचीच्या मुशीविषयी माया आहे. तिला किनारा मिळाला. कुणीतरी तिच्या मणक्यांवरून बोट फिरवलं, वर्तुळं मोजली, वय काढलं. समुद्रातल्या मुशीला याहून मोठी उत्तरक्रिया काय मिळायची?

*

आता आपल्याकडे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ही मुशी नवखी नाही. डहाणूपासून मालवणपर्यंत जाळ्यांत सापडते, कधी रापणीतसुद्धा येते. तिच्या तेलाचा उपयोग कोळीवाड्यांतल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. मागे आपल्याकडेही ती बंदरावर आली की गर्दी व्हायची, फोटो काढायचे, मग ती कुठे जायची ते विचारायचं नाही.

डिसेंबर २०१८ पासून राज्याच्या कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने योजना सुरू केली. संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि तुम्ही जाळं कापून तो सोडलात, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई. कासवं, डॉल्फिन आणि व्हेल शार्क, सगळ्यांना लागू. जाळ्याची किंमत पुष्कळदा याच्या वर असते, शिवाय त्या दिवसाची मासळी गेली, डिझेल गेलं, खलाशांचा पगार द्यायचाच. तरी माणसं कापतात.

याच किनाऱ्यावर, पालघर जिल्ह्यात, वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. देशातलं सर्वांत मोठं कंटेनर बंदर होणार आहे, सर्वांत मोठी जहाजं थेट धक्क्याला लागतील इतकं खोल. तिथल्या कोळ्यांचा विरोध जुना आहे, त्यांच्या रोजीरोटीचा आहे, त्यात मी मुशीला घुसवत नाही. पण भूमिपूजनाची तारीख मात्र नजरेआड करता येत नाही: ३० ऑगस्ट २०२४. जगभर ३० ऑगस्ट हा व्हेल शार्क दिवस म्हणून पाळतात. कुणी मुद्दाम साधली असेल असं म्हणायला जागा नाही. त्या मंडपातल्या कुणाला हे माहीतही नसणार, आणि मला विचाराल तर हीच खरी गोष्ट आहे. वेरावळला निदान मारणाऱ्याला ठाऊक असायचं की आपण मारतोय, म्हणून त्याला थांबवता आलं. त्याला लेकीची आठवण करून देता आली. तीनशे-चारशे मीटरच्या जहाजाला कुठली लेक सांगणार? तिथे बापू चालणार नाहीत. तिथे फक्त वेग चालतो. ज्या पट्ट्यात मुशी चरायला येतात तिथे, त्या महिन्यांत, जहाजांनी वेग उतरवावा किंवा थोडा वळसा घालून जावं, एवढंच अभ्यासकांचं मागणं आहे. इतर समुद्रांत काही ठिकाणी व्हेलसाठी हे केलेलं आहे. तेव्हा हे अशक्य म्हणणाऱ्याने दुसरं कारण शोधावं. अरबी समुद्रात त्यासाठी आधी नकाशा लागेल, नकाशासाठी नोंदी लागतील. आणि नोंदी कुणाकडे आहेत, तर जाळं कापणाऱ्यांकडे.

कारण भरपाई हवी तर पुरावा लागतो. अर्जासोबत फोटो किंवा व्हिडिओ जोडावा लागतो. त्यामुळे या राज्याच्या सरकारी फायलींत असं काही गोळा होतंय जे दोनशे वर्षांत कुठल्या संग्रहालयाला जमलं नाही: निसटून जाणाऱ्या मुशींचे व्हिडिओ, तारखेसकट, जागेसकट. त्यांतले काही फोनवरून फोनवर फिरत आपल्यापर्यंतही येतात. मालवणकडचा एक माझ्या फोनमध्ये आहे. चित्र सारखं हलतंय, अर्ध्या वेळेला कुणाचा तरी अंगठा मध्ये. चौघंजण पाण्यात, गळ्यापर्यंत, जाळं ओढतायत, एकाच्या दातांत सुरी. पाठीचे ठिपके दिसतात, गढूळ पाण्यातूनही दिसतात. "बाजूक हो रे, शेपटी मारीत!" असं कुणी ओरडतंय, दुसरा शिव्या घालतोय, मुशीला की दोराला ते कळत नाही. जाळं सुटतं. ती लगेच जात नाही, क्षणभर तशीच राहते, मग शेपटीचा एकच तडाखा आणि चौघंही पाण्याखाली. वर येतात ते हसत, खोकत, नाका-तोंडातलं पाणी काढत. आणि होडीतून तांडेलाचा आवाज येतो, हसण्याच्या वर चढलेला:

"व्हिडिओ काढलंस मां रे? नायतर जाळ्याचे पैशे कोण देतलो, तुझो बापूस?"